वंदनाताईंचा आयएनआर

"आ कर. आ. दाखव मॅडमले."

सुधाकरभाऊंनी माझ्या टेबलासमोर बायकोच्या हनुवटीला हात लावला. वंदनाताईंनी तोंड उघडलं. जीभ वर केली, मग एका बाजूला केली. रोजचा सराव दिसत होता.

"असं रोज पाहतो मॅडम मी," ते म्हणाले. "गोळी हातावर ठेवतो, पाणी देतो, मंग आ कराले लावतो. तरी रिपोर्ट खराब. आता मी अजून काय करू, तुमीच सांगा."

वंदनाताईंनी तोंड मिटलं आणि पदराने ओठ पुसले. माझ्याकडे बघितलं नाही.

मी डायटीशियन. उत्तर नागपुरातल्या एका हॉस्पिटलमध्ये बरीच वर्षं काम करते. लोकांना वाटतं आमचं काम म्हणजे 'हे खाऊ नका, ते खाऊ नका' असं कागदावर लिहून देणं. निम्मं खरं आहे. बाकीचं निम्मं काम नसत्या चौकशा करायचं आहे, आणि ती खोड मला नोकरीच्या आधीपासूनची आहे.

वंदनाताई पंचेचाळिशीच्या. लहानपणी सांध्यांचा ताप येऊन गेला होता, त्यात हृदयाची एक झडप खराब झाली. काही वर्षांपूर्वी ऑपरेशन करून तिथे धातूची झडप बसवली. ही झडप काम चोख करते, पण रक्ताला ती परकी वाटते आणि तिच्यावर गुठळी धरू शकते. गुठळी झडपेत अडकली तर झडप बंद पडते. सुटून मेंदूकडे गेली तर लकवा. म्हणून अशा माणसाला जन्मभर रोज एक गोळी घ्यावी लागते. तिला सगळे 'रक्त पातळ करायची गोळी' म्हणतात. खरं तर रक्त पातळ होत नाही, फक्त गोठायला उशीर लागतो.

किती उशीर लागतो ते मोजायचा आकडा म्हणजे आयएनआर. तुमचा-माझा आयएनआर एकच्या आसपास असतो. वंदनाताईंचा अडीच ते साडेतीनच्या मध्ये हवा. कमी आला तर गुठळीची भीती, जास्त आला तर रक्तस्रावाची. त्यांचा मात्र एका जागी थांबतच नव्हता. एकदा दीडच्या जवळ आला, म्हणून डोस वाढवला. काही दिवसांनी पाचच्या वर गेला, दात घासताना हिरड्यांतून रक्त आलं, दंडावर काळेनिळे डाग पडले. डोस कमी केला. परत दीडवर.

आमच्या कार्डिओलॉजिस्टना हॉस्पिटलात सगळे नुसतं 'सर' म्हणतात. सर हुशार आहेत आणि कायम घाईत असतात. त्यांनी फाइलवर लिहून टाकलं होतं, 'गोळ्या अनियमित.' मला फोनवर म्हणाले, "मॅडम, तुम्ही एकदा खाण्याचं बघून घ्या. मला वाटतं बाई गोळ्या चुकवते. झडपेवर गुठळी धरली तर परत ऑपरेशन लागेल, आणि पहिलंच कसंबसं निभावलंय."

तर अशी ती दोघं माझ्यासमोर बसली होती. सुधाकरभाऊ कोराडीच्या विजेच्या प्लांटमध्ये कोळशाच्या विभागात ऑपरेटर. उंचपुरे, आवाज मोठा. बायकोची काळजी मनापासून होती, यात मला शंका वाटली नाही. फक्त काळजी करायची तऱ्हा अशी की बघणाऱ्याला घुसमटायला व्हावं.

"ताई, गोळी कधी राहून जाते का?" मी विचारलं.

"नाही मॅडम."

"एखाद दिवशी?"

"नाही. मी घेते." मग जरा थांबून म्हणाल्या, "कोणाले पटत नाही ते वेगळं."

मला ते पटलं. त्यांचा चेहरा बघून नाही. गोळ्या चुकवणाऱ्याचा आकडा खाली राहतो. तो असा पाचच्या वर उसळी मारत नाही. डोस वाढवल्यावर आकडा वर जातो, याचा अर्थ गोळी पोटात जाते आहे. मग खाली कशाने येतो, हा खरा प्रश्न होता.

खाण्यातलं एक जीवनसत्त्व या गोळीच्या थेट विरोधात काम करतं. व्हिटॅमिन के. गोळी म्हणते गोठू नको, के म्हणतं गोठ. पालक, मेथी, चवळी, अंबाडी, सगळ्या पालेभाज्यांत ते भरपूर असतं. पूर्वी अशा पेशंटना सरसकट सांगायचे, पालेभाजी बंद. आता आम्ही तसं सांगत नाही. आता सांगतो, खा, पण रोज सारखी खा. गोळीचा डोस त्या हिशोबाने बसवता येतो. एक आठवडा ढीगभर आणि पुढचा आठवडा काहीच नाही, असं झालं की आकडा पिसाळतो.

मी खाण्याची उजळणी सुरू केली. आमच्या कामाची ही पहिली पायरी. काल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत तोंडात काय काय गेलं, ते पेशंटकडून क्रमाने वदवून घ्यायचं.

"काल सकाळी काय खाल्लं ताई?"

"चहा, पोहे," सुधाकरभाऊ म्हणाले.

"दुपारी?"

"वरण-भात, पोळी, आलू-वांगं. संध्याकाळी चहा, टोस. रात्री भाकर, बेसन, भात." सगळं त्यांनीच सांगितलं. "ऑपरेशनच्या वेळेस डॉक्टर म्हणले होते पालेभाजी नाही, तवापासून हिच्या ताटात पालेभाजीचं पान नाही पडलं. मी सोता पाहतो."

"ताई, तुम्ही सांगा ना."

"हे सांगते तेच," वंदनाताई म्हणाल्या.

पालेभाजी अजिबात नाही. अजिबात नाही म्हणजेही रोज सारखंच झालं की. त्याने आकडा हलायला नको. मग मी नेहमीच्या संशयितांमागे लागले. ग्रीन टी? नाही. कुठला काढा, चूर्ण, ताकदीच्या गोळ्या? नाही. त्यांच्या कॉलनीत सकाळी फिरायला जाणारी मंडळी गव्हांकुराचा रस पितात असं माझ्या कानावर होतं, म्हणून तेही विचारलं.

वंदनाताई पहिल्यांदा हसल्या. "ते गवत? ते गाईनं खावं मॅडम. मी काहून खाईन?"

गोळ्यांची स्ट्रिप मागवून बघितली. कंपनी तीच, मुदत संपलेली नाही. रक्त दुसऱ्या लॅबमध्ये पाठवून बघितलं, आकडा जवळपास तोच. बाजाराच्या दिवसाशी काही संबंध असेल म्हणून विचारलं, तर बाजार दर आठवड्याला एकाच वारी, भाजी साधारण तीच. मी हात टेकले. घरी भाजी निवडतानासुद्धा डोक्यात तेच. नवरा म्हणाला, "ती बाई तुझी पेशंट आहे की तू तिची?"

पुढच्या तपासणीला दोघं वेगवेगळे आले. वंदनाताई घरून ऑटोने आल्या. सुधाकरभाऊंची फर्स्ट शिफ्ट होती, म्हणजे पहाटे जाऊन दुपारी सुटायची. ते तिकडूनच बस धरून आले, हातात डब्याची पिशवी. वंदनाताईंचं रक्त घेतलं. रिपोर्टला वेळ होता. भाऊ म्हणाले, "मी उलिसा चहा मारून येतो," आणि पिशवी बायकोजवळ ठेवून गेटबाहेर गेले.

माझ्या केबिनचं दार व्हरांड्यात उघडतं. समोर पेशंटांचा बाक आहे आणि बाकाच्या टोकाला बेसिन. मी एका बाळंतिणीला तिचा कागद समजावून दारापर्यंत सोडायला आले, तेव्हा वंदनाताई डबा उघडून बसलेल्या दिसल्या. तीन पुड्यांचा, म्हणजे तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा. पोळ्यांचा पुडा रिकामा होता. भाजीचा भरलेला होता. आत हिरवीगार सुकी भाजी. त्यांनी ती चार बोटांनी भराभर खाल्ली. पोळी नाही, काही नाही, नुसती. कडेला चिकटलेली बोटाने निपटून घेतली. मग उठून बेसिनवर डबा धुवायला लागल्या.

हे सगळं इतक्या सहज झालं की मी क्षणभर नुसती बघत राहिले. मग जवळ गेले.

"ताई, काय खाल्लं आत्ता?"

"काई नाई मॅडम. डब्बा धुवून राहिली."

"धुवायच्या आधी?"

"आधी होय? भाजी उरली होती यायची. पालक." यायची म्हणजे यांची, भाऊंची.

"किती होती?"

"थोडीशीच."

तो पुडा मी डोळ्यांनी बघितला होता. चांगली दोन वाट्या भाजी मावेल एवढा.

"रोज उरते?"

"डब्बा नेते तवा उरतेच. यायले कॅन्टीनचा समोसा लागते. पोळी समोशासंगं खाते अन् भाजी तशीच वापस आणते."

"मग रोज पालेभाजी करता कशाला?"

"यायले शुगर आहे ना. तिकडच्या डॉक्टरनं सांगितलं, रोज पालेभाजी खात जा. घरी येऊन मले म्हणले, उद्यापासून डब्यात पालेभाजीच टाकत जा, तब्येतीचं पाहा लागते. तवापासून मी करते."

"आणि परत आली की तुम्ही खाता."

"मंग फेकाची का?" त्यांनी मलाच विचारलं. अगदी खरोखर विचारलं. "निवडून, धुवून, तेल-लसूण घालून केलेली भाजी. अन्न फेकते का कोणी? रात्री परत वाढली तर हे म्हणते, शिळं काहून देते. मंग डब्बा धुवाच्या वेळेस..." इथे त्या थांबल्या. हातातला पुडा बेसिनमध्येच राहिला आणि नळ वाहत राहिला. "मॅडम, हेबी धराचं असते का? मले वाटलं जेवणाचं विचारून राहिले तुमी."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी गव्हांकुरापर्यंत जाऊन आले होते, आणि भाजी त्यांच्या हातातल्या डब्यात होती.

मी नळ बंद केला आणि त्यांना आत नेऊन बसवलं. आता मला सगळंच जाणून घ्यायचं होतं. "पाच आला होता आकडा, हिरड्यांतून रक्त आलं होतं, तेव्हा भाऊंची कुठली शिफ्ट होती?"

त्यांनी आठवून बघितलं. "नाइट. दिवाळीनंतर कोणी सुट्टीवर होतं, यायले लागोपाठ नाइट लागल्या होत्या."

"नाइटला डबा नसतो?"

"नाही. घरूनच जेवून जाते. मी समोर बसते तवा खाते बिचारे भाजी, तोंड वाकडं करून."

बसला हिशोब. फर्स्ट आणि सेकंड शिफ्टला भाऊ डबा नेतात, पालक परत येतो, तो वंदनाताईंच्या पोटात जातो, आकडा खाली. सर डोस वाढवतात. मग येते नाइट. भाऊ घरी जेवतात, भाजी त्यांच्या पोटात जाते, वंदनाताईंना काहीच नाही, आणि वर वाढवलेला डोस. आकडा पाच. एका बाईच्या रक्ताचा आकडा नवऱ्याच्या शिफ्टप्रमाणे खालीवर होत होता. आमच्या कामात असं कोडं सुटलं की आनंद होतो, तो मला झाला. लगेच मागोमाग रागही आला. गोळी बरोबर घेणाऱ्या बाईला रोज तोंड उघडून दाखवायला लागत होतं आणि भाजी न खाणारा माणूस तपासनीस होऊन बसला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

रिपोर्ट आला. दीडच्या जरा वर. सुधाकरभाऊ चहा पिऊन आत आले, कागद बघितला आणि कपाळाला हात लावला.

"पाहा मॅडम. पाहा. आता काय कराव हिले?"

"भाऊ, तुमची शुगर कशी आहे?" मी विचारलं.

ते गोंधळले. "माही? माही कमी नाही होऊन राहिली. गोळी वाढवली परवा. काहून?"

"पालेभाजी खाता ना रोज?"

"खातो ना. रोज डब्यात नेतो."

"आज खाल्ली?"

"खाल्ली ना."

वंदनाताई मान खाली घालून बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली आणि शांतपणे म्हणाल्या, "तुमी खाल्ली असती तर मी काय खाल्लं असतं?"

मग मी भाऊंना सगळं सांगितलं, गोळीचं, पालकाचं, शिफ्टचं. ते ऐकत होते. मध्ये एकदा म्हणाले, "मले वाटे, तू फेकून देत असशील."

"मी अन्न फेकते का कधी? पाहिलं का तुमी?"

"नाही," ते म्हणाले. भाजी तशीच घरात परत येते आणि डबा धुऊन रिकामा होतो, मधे ती भाजी कुठे जाते, हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

अजून मुख्य काम बाकी होतं. वरच्या मजल्यावर सर डोस वाढवायला बसले होते. मी दोघांना घेऊन तशीच वर गेले.

"सर, डोस वाढवू नका."

"मॅडम, आता डोस तुम्ही ठरवणार?"

"नाही. पण बाई आत्ता खाली बसून दोन वाट्या पालक खाऊन आल्यात. रोज खातात. पुढच्या आठवड्यात भाऊंची नाइट आहे, तेव्हा त्या खाणार नाहीत. तुम्ही आज वाढवलं तर परत पाच येईल."

"पालेभाजी बंद आहे ना त्यांची?"

"ताटातली बंद आहे सर. डब्यातली चालू आहे."

सरांनी पेन खाली ठेवलं. घाईतला माणूस पण गोष्ट नीट ऐकली. दोनतीन उलटे प्रश्न विचारले. मागचे आकडे आणि भाऊंच्या शिफ्टा जुळवून बघितल्या. मग म्हणाले, "आकडा कमी आहे हे तर खरं. थोडे दिवस पोटात इंजेक्शनं देऊ, गुठळीची रिस्क नको. गोळी आहे तीच ठेवू. आणि पालक आजपासून बंद."

"बंद नको सर," मी म्हटलं. "एकदम बंद केला तर याच डोसवर आकडा वर जाईल. आणि घरात भाजी होणारच आहे, ती उरणारच आहे. बंद म्हणून सांगितलेलं चार दिवस पाळतील. त्यापेक्षा रोज एक लहान वाटी ठरवून देऊ. डोस त्यावर बसवा."

"बसवू," सर म्हणाले.

खरी अडचण आली ती वंदनाताईंना हे समजावताना. "म्हणजे मी खाऊ?" त्यांनी दोनदा विचारलं.

"खायची. रोज. एवढीच वाटी. आधी आपल्या ताटात वाढून घ्यायची, पोळीबरोबर, बसून. डबा धुताना नाही."

"आधी?" त्या म्हणाल्या. "सगळ्यायच्या आधी?"

"हो."

"अन् उरली तर?"

"उरली तर ज्याची आहे त्याने खायची. नाहीतर कमी करायची. पण तुम्ही नाही."

त्यांनी भाऊंकडे बघितलं. भाऊ म्हणाले, "घेत जा नं वं वाढून. मी काय म्हणतो?" ते कधीच काही म्हणाले नव्हते, हेही खरंच असावं. काही गोष्टी कोणी म्हणाव्या लागत नाहीत, आपोआप चालतात.

पहिले काही दिवस त्यांचे फोन आले. लग्नात पालकाची डाळभाजी होती, खाऊ का? उपवास आहे, वाटीचं काय करू? एकदा म्हणाल्या, "मॅडम, वाटी घेऊन बसली तर मलेच चोरी केल्यासारखं वाटून राहिलं." मी म्हटलं, औषध समजून खा. त्यावर म्हणाल्या, "औषध म्हणूनच खाते. भूक म्हणून खाल्ली तर अजून लाज वाटते." हे वाक्य मला आवडलं नाही, पण मला त्यावर कुठलाही डाएट चार्ट देता येत नव्हता.

सर आधी आठवड्याला, मग पंधरवड्याला आकडा बघत राहिले. डोस एकदा जरासा बदलला. फर्स्ट झाली, सेकंड झाली, नाइट झाली. आकडा तिन्हीत अडीच-तीनच्या घरात राहिला. हिरड्या बऱ्या झाल्या. इंजेक्शनं केव्हाच थांबली होती. सुधाकरभाऊंच्या शुगरचं मात्र फारसं चांगलं सांगता येत नाही. डबा आता रिकामा परत येतो, असं वंदनाताई म्हणतात. भाऊंचा रिपोर्ट बघता भाजी प्लांटमधलं दुसरंच कोणी खात असावं. त्या माणसाची तब्येत उत्तम असणार.

मागच्या तपासणीला मी मुद्दाम वर गेले. सरांनी रिपोर्ट बघितला आणि खूश होऊन म्हणाले, "व्हेरी गुड. आता गोळ्या वेळेवर घेताय वाटतं."

"पहिलेबी घेत होती सर," वंदनाताई म्हणाल्या.

आवाज वाढवला नाही, पण डोळे भरून आले होते. सरांनी मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. मग फाइल उलटी चाळत मागे गेले, 'गोळ्या अनियमित' या ओळीवर काट मारली आणि बाजूला सही केली. "चुकलं आमचं," असं म्हणाले. मी इतक्या वर्षांत सरांच्या तोंडून हे पहिल्यांदा ऐकलं. सुधाकरभाऊ खिडकीबाहेर बघत होते.

तेव्हापासून माझ्या उजळणीत एक प्रश्न वाढला आहे. सकाळी काय, दुपारी काय, रात्री काय, हे सगळं झालं की शेवटी विचारते, "घरात उरलेलं कोण खातं?" सुरुवातीला हा प्रश्न मी जोडप्याला एकत्र विचारायची. नवरे म्हणायचे, "आमच्याकडे काही उरतच नाही मॅडम." बायका मान डोलवायच्या. आता नवऱ्याला आधी बाहेर बाकावर बसवते, मग विचारते. उत्तर मिळायला वेळ लागतो, पण मिळतं.